सहा शब्दांची उडी

२ मार्च, सकाळी ९.५०
आजपासून रोजनिशी. वाचणार मी एकटाच, त्यामुळे विनय वगैरे नको.
वॉशिंग मशीनच्या कंपनीला माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आपोआप करून हव्या आहेत. डेमो २७ला. जमला तर साहेब भाषांतर विभागाला प्रमुख नेमणार. विभागात दोघंच, मी आणि व्याकरणबाई. म्हणजे मीच.

४ मार्च
अडचण किरकोळ आहे. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला खेटून बसतं, मराठीत ते वाक्याच्या टोकाला जातं. आपला प्रोग्रॅम लाखभर जुनी भाषांतरं पाहून अंदाज बांधतो. शब्द बरोबर आणतो, पण शब्दाला उडी मारायची मुभा सहाच जागांची. वाक्य लांबलं की क्रियापद मधेच बसकण मारतं.
बाई म्हणतात, इंग्रजी वाक्य आधी मराठीच्या क्रमाने मांडून घेऊ, मग प्रोग्रॅमला देऊ. चौदा नियम लिहून आणलेत. वहीत. पेन्सिलने! मी हसलो नाही, फक्त खोकलो.
संकल्प: बाईंशी नम्रपणे वागायचं.

७ मार्च
उडी बारावर नेली. परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या पाचशे वाक्यांवर स्कोअर शंभरात अकरा. सुरुवात म्हणून झकास.

९ मार्च
उडी चोवीसवर. एका वाक्याला वीस मिनिटं. क्रियापद शेवटी गेलं खरं, पण बाकीचे शब्दही त्याच्यामागे निघाले. स्कोअर नऊ. बाईंच्या नियमांनी एकवीस आला म्हणे. म्हणे!

१० मार्च
सासऱ्यांना फोन करून सांगितलं, प्रमुख झालोच म्हणून समजा. बायको म्हणाली, डेमो तरी होऊ दे. माहेरी माझं कौतुक झालेलं हिला बघवत नाही.

१४ मार्च
संकल्प: चहा दोनच वेळा, जिने चढायचे. आज चढलो. लिफ्ट बंद होती.

१८ मार्च
सुचलं! प्रोग्रॅम उपाशी आहे. सर्व्हरवरच्या झाडून सगळ्या फाइली त्याला शिकायला घातल्या. कुठली कसली, बघत बसलो नाही. मोठी माणसं तपशिलात अडकत नाहीत.

१९ मार्च, सकाळी ९.१५
अठ्ठ्याहत्तर!! दोनदा चालवून पाहिलं. अठ्ठ्याहत्तरच.
बाईंनी विचारलं, परीक्षेची वाक्यं शिकवायच्या फाइलींत मिसळली नाहीत ना? इतका मत्सर बरा नव्हे. नाही म्हणालो. बघितलं नव्हतं, पण प्रश्नाचा सूरच अपमानाचा होता.

२४ मार्च
साहेब म्हणाले, डेमोला बाईंचे नियमही जोडायचे का? मी म्हणालो, अठ्ठ्याहत्तरात एकवीस कशाला कालवायचे. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.
बायको म्हणाली, त्या एवढं विचारतायत तर एकदा फाइली उघडून बघ ना रे. मी आमटी अळणी असल्याचं तिच्या लक्षात आणून दिलं.

२७ मार्च, दुपारी ४
डेमो झाला.
कंपनीवाले सोबत वॉशिंग मशीन घेऊन आले. पाण्याने भरलेलं. आणि एक फिटर. त्याला सांगून ठेवलेलं: पडद्यावर मराठीत जे येईल तेच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही.
पहिलं वाक्य: फिल्टर उघडण्याआधी पाणी काढून टाका. म्हणजे इंग्रजीत तसं होतं. आमच्या पडद्यावर आलं: पाणी काढण्याआधी फिल्टर उघडून टाका.
शब्द सगळे बरोबर होते, हे नोंदवून ठेवतो.
फिटरने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने उघडलं.
गालिचा नवा होता. साहेबांचे बूटही. फिटर म्हणाला, लिहिलंय तसंच केलं, साहेब. बाई लादी पुसायचं फडकं घेऊन आल्या. उडी मारायची मुभा त्या वेळी मलाच हवी होती.

२८ मार्च
आजारी. खरंच. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला आणि अळणी आमटी पुढे ठेवली.

३० मार्च, संध्याकाळी ६
साहेबांनी फाइली उघडून दाखवल्या. परीक्षेची पाचशेच्या पाचशे वाक्यं उत्तरांसकट मी आधीच शिकवून ठेवलेली. पेपर फुटलेला, प्रोग्रॅमने घोकून लिहिला. नवं वाक्य आलं आणि तो तोंडावर पडला. त्याला कशाला नावं ठेवू, पडलो मी.
कंपनीने पुन्हा एक संधी दिली आहे, बाईंच्या चौदा नियमांवर. प्रमुख त्याच. फार वाईट वाटलं. रोजनिशीत तरी खरं लिहावं.
मला काढणारच होते. बाई मधे पडल्या, असं साहेबांकडून कळलं.  उगाच त्यांना काय काय म्हणालो. तसाच उठून आभार मानायला गेलो.
त्या म्हणाल्या, आभार नकोत. हाताखाली निदान एक माणूस असल्याशिवाय प्रमुख नेमता येत नाही, असा आपल्या ऑफिसचा नियम आहे.