नायलॉनची पाचवी गाठ

पवनी, मंगळवार, १९७८

सोमाजीचं पोट टिकलं! कॅटगटचा, म्हणजे आतड्याचा, धागा आत लवकर विरघळतो आणि खोकणाऱ्यांची पोटं उसवतात, म्हणून या वेळी मी पहिल्यांदाच नायलॉननं शिवलं. सोमाजी ढिवर, वैनगंगेत जाळं टाकणारा. ऑपरेशनआधी धागा पाहून म्हणाला, "हा तं आमच्या जाळ्याचा धागा जी! सुतावानी तीन गाठी माराल तं सटकते. पाच मारा."

आणि मी तीनच मारणार होतो! हाताला कॅटगटची सवय. पुस्तकात असेलही हे, मीच वाचलं नसेल?

आज वरचे टाके काढले, तर विचारतो, "किती गाठी मारल्या जी?"

"पाच," मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

"मंग पाहू," म्हणाला, आणि जाळं हिसकून पाहावं तसा मुद्दाम जोरात खोकला.

हादरलो तो मीच. पोट जागचं हललं नाही.