घोडीवरच्या साठ बाटल्या

दिंडोरी, नाशिक
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
ऊर्मीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी दोन वाक्यांत तमिळवर घसरते म्हणून मराठी कागदावरच लिहायचं, हा तुमचा दंडक इथेही पाळते आहे. चुकांवर लाल शाई मारून पत्र परत पाठवू नका, एवढीच विनंती.

बातमी अशी. फेसाळत्या वाइनच्या बाटल्या आता सगळीकडे यंत्रच फिरवतं. पण आमच्या वाइनरीच्या तळघराचे प्रमुख शरदचंद्र मोरे जुन्या वळणाचे. त्यांनी परीक्षा म्हणून मला एक लाकडी घोडी आणि साठ बाटल्या दिल्या आहेत. बाटल्या तोंड खाली करून घोडीच्या भोकांत अडकवायच्या आणि रोज हाताने जराशा फिरवायच्या. महिनाभरात आतला गाळ सरकत बुचापाशी येतो. तो काढला की वाइन नितळ. साठांतल्या पन्नास नितळ निघाल्या तर मी इथे कायम होईन. नाहीतर तुम्हाला कबूल केल्याप्रमाणे फेब्रुवारी संपायच्या आत चेन्नईत, सिरुसेरीच्या नोकरीवर परत. कंपनीने माझी जागा तोवरच राखली आहे.

लेक दारूच्या कारखान्यात गेली, असं वेलचेरीत कुणाला सांगत नाही हे मला ठाऊक आहे. एकदा येऊन पाहा तरी. अम्मालाही आणा. तिला साष्टांग नमस्कार.

आपली,
ऊर्मी


वेलचेरी, चेन्नई
३० जानेवारी २०२५

चि. ऊर्मीस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

काल एग्मोर स्टेशनवर उतरलो. प्रवास ठीक. तुझी अम्मा गाडीत बसल्यापासून द्राक्षांविषयी बोलते आहे, अजून थांबलेली नाही.

मी रागावून आलो होतो हे तुला कळलं असेलच. पण येताना वाटेत नारायणगावाकडे थांबलो, तिथेच माझा राग निम्मा झाला. एका म्हाताऱ्या बागायतदाराने सांगितलं की चाळीस-एक वर्षांपूर्वी याच डोंगरांत फ्रान्सची जाणती माणसं आणून पहिली फेसाळती वाइन केली. लोक हसले, म्हणे ज्वारीच्या मुलखात हे काय खूळ. आणि तीच वाइन बोटीत बसून विलायतेला गेली. मग नाशिकच्या बाजूच्या दोन वाइनरी पाहिल्या, आणि शेवटी तुमची.

ऊर्मी, बत्तीस वर्षं मी पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात चाकं तपासली. दाब म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. बसच्या टायरमध्ये असतो जवळजवळ तेवढा दाब एका काचेच्या बाटलीत, आणि तो कुणी पंपाने भरलेला नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी अंधारात, महिनोन्महिने, आपल्या श्वासाने भरलेला. तुमच्या तळघरात अशा हजारो बाटल्या गप्प पडल्या होत्या. मी आपोआप चपला काढल्या, हे तू पाहिलं नाहीस. देवळाशिवाय इतर कुठे माझं असं प्रथमच झालं.

अम्माने चव घ्यायला पेला न घेता तीर्थासारखा उजव्या हाताचा खोलगट तळवा पुढे केला, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोरे मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्या तळहातावर चमचाभर वाइन ओतली. मला तो माणूस तिथेच आवडला.

आता एक सांगायचं राहिलं. शेवटच्या दिवशी तू अम्माला द्राक्षाचा मळा दाखवायला नेलंस, सगळे जेवायला गेले होते आणि मी तुझ्या घोडीपाशी एकटा होतो. तुझ्या प्रत्येक बाटलीच्या बुडाला खडूची खूण होती. इतर कुठल्याही बाटलीला नव्हती. आमच्याकडे खडूची खूण म्हणजे संशयित माल, आणि ती पुसायचा अधिकार तपासनिसाचा. कुणीतरी तुझं काम आधीच नापास करून ठेवलं आहे असं वाटून माझं डोकं फिरलं. मी साठही बाटल्या एकेक बाहेर काढल्या, सरळ उभ्या धरून उजेडात पाहिल्या, बोटाने वाजवून पाहिल्या. एकीलाही तडा नाही. सगळ्या खुणा रुमालाने पुसल्या आणि बाटल्या होत्या तशा लावल्या. तुझ्यावर अन्याय होऊ दिला नाही याचं समाधान घेऊन मी गाडीत बसलो.

निकाल कळव.

तुझा,
अप्पा


दिंडोरी, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
ऊर्मीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, चौथ्यांदा हसले. मधल्या दोन वेळांचं विचारू नका.

अप्पा, त्या खुणा माझ्याच होत्या. कुठली बाटली किती फिरली हे कळावं म्हणून खडूने खूण करतात. पण खुणांचंही एक वेळ सोसलं असतं. बाटली सरळ उभी धरली की सतरा दिवसांत मानेशी आलेला गाळ पुन्हा सगळीकडे पसरतो. तुम्ही साठही उभ्या धरल्यात.

तुम्हाला स्टेशनवर सोडून आले तर साठही गढूळ. मोऱ्यांनी विचारलं, तेव्हा घोडी माझ्या ताब्यात होती, चूक माझी, एवढंच सांगितलं. मग उरलेले दिवस खुणेशिवाय, एकेक बाटली दिव्यासमोर धरून फिरवली. गाळ उतरताना मी प्रथमच नीट पाहिला. आधी धूर, मग रेती, मग पांढरा धागा. इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं, आणि खुणा असत्या तर पाहिलंही नसतं.

निकाल परवा लागला. साठांत एकोणीस नितळ. मोरे म्हणाले की पुढची घोडी मेमध्ये लागेल, तेव्हा पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर त्यांची हरकत नाही. मी त्यांना घरी दिलेल्या शब्दाविषयी सांगितलं. शब्द तो शब्द. बावीस तारखेचं तिकीट काढलं आहे. अम्माला एवढ्यात सांगू नका, ती लगेच माझ्यासाठी गच्चीवर वडामाचे पापड वाळत घालेल.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात, एवढं मला पुरे.

आपली,
ऊर्मी


वेलचेरी, चेन्नई
१७ फेब्रुवारी २०२५
स्पीड पोस्टाने

चि. ऊर्मीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रात तीन चुका होत्या. लाल शाई उघडली आणि पुन्हा बंद करून ठेवली.

बत्तीस वर्षांत मी एकही चांगलं चाक भंगारात पाठवलं नाही, आणि माझ्या लेकीची सतरा दिवसांची मेहनत दोन तासांत उधळली. ती काय करते आहे हे मी तिला विचारलंदेखील नाही. मोऱ्यांना मी आज वेगळं पत्र टाकलं आहे. चूक कुणाची ते त्यात माझ्या सहीनिशी लिहिलं आहे. मेमधल्या घोडीपाशी मी फिरकणार नाही, हेही लिहिलं आहे.

खरं सांगतो. तू परत यावीस हीच माझी इच्छा होती. तुझ्या खोलीतला पंखा मी डिसेंबरातच दुरुस्त करून घेतला. आता न मागता तेच हातात पडतं आहे आणि मला ते घेववत नाही. ज्या तळघरात माझ्या पायांतल्या चपला आपोआप निघाल्या, तिथून तुला मी कुठल्या तोंडाने काढू. तू दिलेला शब्द मी तुला परत करतो. अम्माला सगळं सांगितलं. ती थोडी रडली, मग वडाम तळून डबा बांधला. तो पार्सलने येतो आहे.

तिकीट रद्द कर. घरी येऊ नकोस.

पत्राच्या शेवटी वडिलांनी आशीर्वाद द्यावा अशी रीत आहे. या खेपेस लोभ असू दे ही विनंती मीच करतो.

तुझा,
अप्पा