आबांची तपकिरी टोपी

चि. संदेश,

थोरल्या भावाचे आशीर्वाद, तेही दातओठ खाऊन. हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

लोणावळ्याच्या बाजारातून तू आबांना ती पुढे चोच असलेली, चपटी सुती टोपी आणलीस. "मळखाऊ रंग हाय," म्हणत त्यांनी ती डोक्यावर चढवली, ती उतरवतच नाहीत. वीस वर्षं दर दिवाळीला मी पांढरी टोपी आणतो, त्यावर कधी चकार शब्द नाही. परवा परंदवडीतल्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान मिळाला, तर मानाची टोपी खिशात घातली आणि तुझीच जरा तिरकी करून मांडवभर मिरवले. "आमच्या संदेशनं दिली!" रोज त्यांच्याजवळ राहतो मी, आणि नाव तुझं.

काल मी ती धुवायला मागून घेतली. थंड पाण्यात हलक्या हातानं धुवायची, न पिळता पालथ्या पातेल्यावर सावलीत वाळवायची, हे तूच फोनवर सांगितलं होतंस. मी ती कढत पाण्यात बुडवून चांगली चोळली.

टोपी आटली. आज आबांनी तीच कशीबशी टाळूवर बसवली आणि पारावर गेले. मागून दूध घेऊन जाताना मी ऐकलं.

"आबा, टोपी ल्हान झाली व्हय?"

"आमच्या कैलासनं धुतली. पानी लय कढत व्हतं. हात भाजला आसंल त्याचा."

हात खरंच भाजलाय, संदेश. म्हणून अक्षर असं आलंय.

तुझा दादा,
कैलास