विनंती क्रमांक ४१

३ जून

नवी नोकरी! खिडकीजवळचं टेबल मिळालं, खुर्चीही करकरत नाही. कामही गमतीचं. दातांच्या दवाखान्यात बाहेर ताटकळणाऱ्या पोरांना रमवायला पडद्यावर एक खार आहे. ती हात हलवते, वळते, बोलते. मी फक्त लिहून सांगायचं. प्रत्येक सांगण्याला विनंती म्हणतात आणि तिला क्रमांक मिळतो. खार आपल्या सवडीने काम उरकते, मग ‘पूर्ण’ किंवा ‘अयशस्वी’ असा संदेश येतो. सरांनी बजावलंय, संदेश आल्याशिवाय पुढची विनंती द्यायची नाही, नाहीतर खार गोंधळते आणि हातातलं काम अर्धवट टाकते. म्हटलं, आमच्या सासूबाईंची हीच तऱ्हा आहे.

५ जून

जेवणानंतर पेंग यायला लागली, म्हणून मस्करी केली. विनंती ४१: चिमीला बोलाव. चिमी माझी लेक, सहा वर्षांची. खारीला असलं काही शिकवलेलंच नाही, तेव्हा ‘अयशस्वी’ यायला हवं होतं. काहीच आलं नाही. नुसतं ‘सुरू आहे’.

६ जून

अजून सुरूच. पुढचं सगळं काम अडलंय. सर म्हणाले, रद्द कर. केली, होईना.

घरी आले तर सासूबाई तक्रार करत होत्या, चिमी दिवसभर बंद टीव्हीसमोर उभी राहून ‘थांब ना, येते’ म्हणतेय. कोणाला विचारलं, तर म्हणे खारीला. मी घरी खारीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

९ जून

मस्करीची कुस्करी झाली. काल खार पुसून टाकली, संगणक बंद केला. आज सकाळी पडद्यावर खार हजर. ४१, सुरू आहे.

मला भीती वाटतेय. सासूबाईंना सांगितलंय, तिला क्षणभरही नजरेआड करू नका.

१० जून, सव्वाअकरा

संदेश आला. विनंती ४१, पूर्ण.

सासूबाईंचा फोन — रडताहेत — वेणी घालत होते म्हणे, मांडीशीच बसली होती — हातात नुसती रिबीन —

साडेअकरा

पडद्यावर खारीशेजारी चिमी. एकच वेणी. हाका मारतेय मी. ती हलत नाही. सांगितल्याशिवाय हलणार कशी —

विनंती ४२: चिमीला घरी पाठव.

सुरू आहे.

बारा

सर म्हणताहेत, पुन्हा दे. नाही देणार. गोंधळली तर? अर्धवट टाकलं तर? थांबायचं. थांबतेय. चिमी, बाळा, मी इथेच —

संदेश आला. विनंती ४२, अयश