एकात दोन

५ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प. पाच दिवस उशिरा, पण पक्का. चहाच्या शौकिनांसाठी मोबाइल ॲप. नाव ‘घोट’. शहरात कुठे कसा चहा मिळतो, आपण कुठे किती प्यालो, आवडला की नाही, सगळं एका जागी. जानेवारीअखेर तयार. फ्लेक्स बोर्ड डिझाइन करून करून हात बसला आहे, मोबाइलचा स्क्रीन त्यापुढे चिमुकला.
कल्पना माझी, डिझाइन माझं. कोडिंगचं किरकोळ काम वासिफ करील. शाळेपासूनचा मित्र, शेंद्र्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. बन्सीमामांच्या हॉटेलात त्याला विचारलं. म्हणाला, करू की यार, ड्यूटीवरून आलो की मोकळाच असतो.
तो मोकळा नसतो. दोन लेकरं आहेत, आई आजारी असते. पण स्वतःच म्हणाला.
चहा नेहमीसारखा एकात दोन. एक चहा, दोन कपांत अर्धा अर्धा. पूर्ण कपाने मला ॲसिडिटी होते.

१० जानेवारी
आज फ्लेक्सचं एकही काम झालं नाही. लोगोतल्या वाफेला दोन वळणं द्यावीत की तीन, हे ठरत नव्हतं. संध्याकाळी वासिफचा मेसेज: नकाशा, हॉटेलांची यादी, फोटो चढवायची सोय, सगळं झालं.
दोघंही सारख्याच वेगाने पुढे चाललो आहोत.

१४ जानेवारी, संक्रांत
बन्सीमामांच्या हॉटेलात वासिफला तिळगूळ दिला. तो खाऊन त्याने ॲपमध्ये दोष काढला. म्हणाला, यार, इथं पूरा चहा कोण पितं? दोघं बसले की एकात दोन, तिघं बसले की दोनात तीन. तुझं ॲप म्हणतं, एक माणूस एक कप. असा माणूस मला क्रांती चौकात दाव.
मी त्याला डिझाइन समजावून सांगितलं. अर्धा कप स्क्रीनवर वाईट दिसतो. कोणीतरी उष्टा ठेवल्यासारखा.
तो म्हणाला, आणि तुझ्या हातात काय हाय?
तो मुद्दा नव्हता.

२३ जानेवारी
‘आमच्याविषयी’चा स्क्रीन केला. मधोमध माझा फोटो. खाली: संकल्पना, रचना व निर्मिती – ऋतुराज. वासिफचं नाव टाकून पाहिलं. तोल गेला. एक नाव मधोमध बसतं, दोन झाली की दोन्ही कडेला सरकतात. पुढच्या आवृत्तीत टाकू.
स्क्रीन वासिफकडे पाठवला. त्यानेच तो ॲपमध्ये बसवला. काही बोलला नाही. म्हणजे त्याला पटलं.

२७ जानेवारी
चितेगावचा वाढदिवसाचा फ्लेक्स परत आला. खाली शुभेच्छुकांची रांग, तीत कडुबा म्हणून एकाचं नाव राहिलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, भाऊ, फोटो बारका करा, पण माणूस गाळू नका, आम्हाला गावात ऱ्हायचंय. अख्खा फ्लेक्स पुन्हा छापून दिला. माझ्या धंद्यात नावं जपावी लागतात. ते मला कोणी शिकवायला नको.
जेवताना बायकोने, सोनियाने, ॲप पाहिलं. म्हणाली, अहो, वासिफभाऊंचं नाव कुठंय? म्हणालो, स्क्रीन कच्चा आहे. ती म्हणाली, तुमचा फोटो तर चांगला पक्का दिसतोय.
भाजीत मीठ जास्त होतं.

२ फेब्रुवारी
जानेवारी सरला. वासिफच्या मते ॲप तयार आहे. माझ्या मते वाफ राहिली आहे.
पंधरा तारखेला नवउद्योजकांचा मेळावा आहे. स्टेजवर दाखवायची संधी. नाव नोंदवलं. माझं.
दोन दिवस झोप नीट नाही. शेवटी वासिफच्या नावाची सोय सुचली. सर्वांत शेवटच्या स्क्रीनवर, तळाला, शुभेच्छुक म्हणून. बारीक टाइपात. सुरेख दिसेल. त्याला आत्ता सांगत नाही. सरप्राइज.

९ फेब्रुवारी
वासिफच्या आईला दवाखान्यात ठेवलं आहे. कळल्याबरोबर फोन केला. चौकशी केली. नकाशा मधेच अडकतो, हे ओघात निघालं. तो म्हणाला, बघतो.
दुपारी नकाशा चालू झाला. दवाखान्यात बसूनच केला असावा. त्याचाही जरा वेळ गेला असेल.
उद्या आईंना बघायला जायचं.

११ फेब्रुवारी
जमलं नाही. वाफेला तीन वळणं नक्की केली.

१५ फेब्रुवारी
मेळावा. वासिफ अर्धी सुट्टी टाकून आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. पुढच्या रांगेच्या कडेला उभा राहिला, कारण खुर्च्या संपल्या होत्या.
एकूण छान झालं. वाफ सर्वांना दिसली. एकच अडचण आली. परीक्षक तिघं. त्यातले काकासाहेब जुने हॉटेलवाले. म्हणाले, आम्ही तिघं हाव, दोनात तीन लिहून दावा बरं. ॲपला ते येत नाही. मी म्हणालो, प्रत्येकी एक घ्या. ते म्हणाले, आरं, तीन पूरे चहा? आमच्याकडं काय लगीन हाय? सभागृह हसलं. मी म्हणालो, ही तांत्रिक बाजू आहे.
त्यांच्या शेजारच्या परीक्षक बाईंनी विचारलं, तांत्रिक बाजू कोण बघतं?
वासिफ समोरच होता. मी म्हणालो, ते बाहेरून करून घेतो.
यात खोटं काही नाही. वासिफ शेंद्र्याला असतो. शेंद्रा शहराबाहेर आहे.
खाली उतरलो तेव्हा तो गेला होता. ड्यूटी असेल. नंबर आला नाही.

१७ फेब्रुवारी
वासिफ हॉटेलात आला नाही. रमजान जवळ आला आहे, घरात तयारी चालली असेल. सोनिया म्हणाली, रोजे सुरू व्हायला पंधरवडा हाय अजून.
काही घरांत लवकर तयारी करतात.

१९ फेब्रुवारी
आज वासिफकडे जाणारच होतो. शिवजयंती निघाली. क्रांती चौकात गर्दी, रस्ते बंद. वासिफचं घर त्या बाजूला नाही, हे सोनियाने काढलं. तिला फक्त वाद घालायचा होता.

२१ फेब्रुवारी
वासिफने ॲपच्या सगळ्या फायली आणि पासवर्ड पाठवले. खाली दोन ओळी. ‘पूरा तुझा. अम्मी घरी आली, बरी हाय.’
त्या फोननंतर अम्मीचं मी विचारलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
निर्णय घेतला. वासिफचं नाव आजच. तळाला नाही, शुभेच्छुक नाही. मधोमध, माझ्या शेजारी. फोटो काढून टाकला. दोन्ही नावं शेजारी शेजारी नीट बसली. तोल जात नाही. तेव्हा कसा गेला, कळत नाही.
मग तो स्क्रीन ॲपमध्ये बसवायला घेतला. अवघड नसणार, वासिफ गप्पा मारता मारता करायचा. संध्याकाळपर्यंत ॲप उघडेनासं झालं. नुसता पांढरा स्क्रीन. वाफसुद्धा नाही.
हे फक्त वासिफला दुरुस्त करता येईल. म्हणजे त्याचं नाव घालायला त्यालाच बोलवावं लागणार. फोन हातात घेतला. आधी अम्मीचं विचारावं की ॲपचं, हे ठरेना. सोनिया म्हणाली, ॲपचं विचारूच नका.
मग फोन कशासाठी करायचा, तेच सुचेना. ठेवला.

२५ फेब्रुवारी
बन्सीमामांच्या हॉटेलात गेलो. एक चहा सांगितला. त्यांनी सवयीने एकात दोन आणला. अर्धा माझ्यापुढे, अर्धा समोरच्या खुर्चीपुढे.
माझा प्यालो. समोरच्यावर साय धरली. बन्सीमामा टेबल पुसायला आले. म्हणाले, वासिफमियां येनार हायेत का नाय? दिसले नाहीत लई दिवस. गरम करून आणू त्यांचा?
म्हणालो, राहू द्या, येईलच.
फोन अजून केलेला नाही. समोरचा चहा संपला की करतो.