गळ्यातला बुद्ध आणि दुसरा मणका

मी, हातानाका शिगेमासा, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, राहणार कुशिरो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वी लिहिलेले सर्व कागद रद्द समजावेत.

कलम १. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मिसाओ हिला मिळावी. स्वयंपाकघरातले जुने मोठे पातेले मात्र तिने वापरू नये. हाडे सुटी करण्यासाठी त्यात मी एकदा कोल्हा उकडला होता. माझी पत्नी फुमिए तेव्हा एवढेच म्हणाली, "अहो, आज रश्शाला कसला वास येतोय?" दुसऱ्या दिवशी ती नवे पातेले घेऊन आली.

कलम २. शाळेतले हाडांचे कपाट माझ्या मालकीचे आहे. ते माझी विद्यार्थिनी आणि आता त्याच शाळेतली शिक्षिका इवामा चिझुको हिला द्यावे. त्यात घोड्याचा पुढचा पाय, देवळाच्या माळ्यावर मेलेले वटवाघूळ, जमीन उकरणारा, चिचुंद्रीएवढा 'मोल' नावाचा प्राणी आणि डॉल्फिनचा पर आहे. तो पर शेजारी दोबाशी या कोळ्याने दिला. देताना म्हणाला होता, "मास्तर, लोक मासळी खाऊन काटे टाकतात, तुम्ही काटे ठेवून मासळी टाकता."

धडा रोज एकच असे. "आपला दंड चाचपा. किती हाडं? एक. कोपराखाली? दोन. मग मनगटाची खडी, मग पाच बोटं. आता कपाटात बघा." डॉल्फिनच्या परातही पाच बोटे निघाली की मुले पुन्हा आपली बोटे मोजत. घोडा एकाच बोटाच्या नखावर उभा असतो हे सांगितले की सगळे टाचा उचलून बघत आणि एकमेकांवर कोसळत. हाडे तीच, पोट भरायची रीत वेगळी, म्हणून कोणाचा पंख झाला, कोणाचे फावडे. मला आयुष्यभर एवढेच शिकवता आले आणि ते पुरले.

पंधरा वर्षांच्या चिझुकोने तेव्हा विचारले होते, "सर, सगळे आहेत. माणूस कुठाय?"

"येईल," मी म्हणालो. आपला देह वैद्यकीय कॉलेजला द्यायचा, तिथल्या मुलांनी त्यावर शिकायचे, हे मी त्या दिवशी ठरवले आणि कपाटात माणसाची जागा मोकळी ठेवली; तिथे 'कॉलेजात आहे' अशी चिठ्ठी लागायची होती.

कलम ३. चिमटे, सुऱ्या आणि तारेची रिळे चिझुकोलाच द्यावीत. माझ्या कपाटाला वास येतो म्हणून ज्या मुख्याध्यापकांनी अस्वलाचा प्लास्टिकचा सांगाडा आणला, त्यांना मी माफ केले आहे. मात्र त्या अस्वलाची मागची पावले डावी-उजवी उलटी बसवली आहेत. अस्वलाचे सर्वात मोठे बोट बाहेरच्या बाजूला असते. बसवणाऱ्याने आपल्या पायाकडे बघून काम उरकले. पावले बदलावीत, म्हणजे माफी पूर्ण होईल.

कलम ४. माझा देह.

घरच्यांच्या सहीशिवाय कॉलेज देह घेत नाही. मिसाओने सही दिलेली नाही आणि त्याचे कारण मीच आहे.

अकरा वर्षांपूर्वी फुमिए गेली. दहनानंतर आम्ही दोघे चॉपस्टिक्सने तिच्या अस्थी उचलत होतो, पायांपासून वर. शेवटी तिथल्या माणसाने एक हाड पुढे करून हळूच सांगितले, "हा गळ्यातला बुद्ध. बघा, मांडी घालून बसलाय." मी म्हणालो, "गळ्याचं हाड नाही ते. गळ्यातली कूर्चा जळून जाते. हा मानेचा दुसरा मणका. असे मणके उंदराला सात, जिराफाला सात, डॉल्फिनलासुद्धा सातच." मिसाओच्या चॉपस्टिक्समधून ते हाड निसटले आणि ताटलीत पडून दुभंगले.

"बाबा, आजचा दिवस तरी तिला आई असू द्यायचं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती दर नववर्षाला येते, छपरावरचा बर्फ काढते, तांदळाच्या चिकट मोची-वड्या भाजते आणि माझ्याऐवजी चहाच्या किटलीशी बोलते. यंदा मी देहदानाचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "कॉलेज दोन-तीन वर्षांनी अस्थींनी भरलेलं भांडं हातात देतं. म्हणजे तुमच्याही अस्थी मला उचलायच्या नाहीत? आईच्या वेळी तुम्ही धड उचलू दिल्या नाहीत, आता स्वतःच्याही देणार नाही." अर्ज तिने घडी न मोडता परत केला.

खरे ते लिहितो. त्या दिवशी मला रडू येत होते. रडू आले की मी शिकवायला लागतो. वर्गात ही सवय लागली आणि कोणी मोडली नाही. फुमिएकडे पाहवत नव्हते, म्हणून मी मणका पाहिला. हे मिसाओला तोंडाने सांगायला अकरा वर्षे होती. मला जमले नाही, याची लाज वाटते.

अर्ज मी आज फाडला. चिझुको समोर होती. तिने विचारले, "सर, मग कपाटातली माणसाची जागा?" मी म्हटले, "रिकामी ठेव. मुलांना तिथे आपापला हात धरू दे." हे सोपे गेले असे नाही. पण ज्या मास्तराने जन्मभर जुळवून घेण्याचा धडा दिला, त्याने एकदा तरी स्वतः जुळवून घ्यावे.

तरी माझा देह मिसाओच्या स्वाधीन करावा. मिसाओ, पायांपासून सुरुवात कर. घाई करू नकोस, मी जाड हाडाचा आहे. गळ्यापाशी पोचलीस की ते हाड नीट धर आणि त्याला बुद्धच म्हण. मध्येच बोलायला या वेळी मी नसेन.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. पण माझे अक्षर फळ्यावरही कोणाला लागत नसे, म्हणून दोघांनी ते वाचून, लागल्याची खात्री करून सही केली आहे.

हातानाका शिगेमासा (सही व शिक्का)

साक्षीदार: इवामा चिझुको, शिक्षिका
साक्षीदार: दोबाशी कानेकिची, कोळी

कुशिरो, रेइवा शकाचे सहावे वर्ष (२०२४), २ नोव्हेंबर