तळमजल्याचे पितर

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्षात नवं काम धरू नये म्हणतात. धरलं! पण काम मेलेल्यांचंच आहे, तेव्हा दोष लागत नसावा. एवढंच, की मेलेले आमचे नाहीत — गोऱ्यांचे.

तळमजल्यावरच्या मिस आयलीन डॉनोव्हन. वय एक्याऐंशी, जात आयरिश, जन्म इगतपुरीचा, पत्ता मुलुंड पूर्व. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. आता आयर्लंडहून कुणी भाचेनात वीस तारखेला येऊन घराण्याचे जुने फोटो घेऊन जाणार. फोटोत कोण कोण ते फक्त मिसच्या डोक्यात. म्हणजे मी फोटो बघून वर्णन करायचं, त्या नाव सांगणार, ते मी पाठीमागे लिहायचं.

"तुजा अक्षर बरा असा म्हणतत गो," म्हणाल्या. ही गोरी बाई मालवणी बोलते! सदतीस वर्षं ऐकतेय तरी हसू येतं. त्यांच्याकडे एक म्हातारी आयाबाई होती, तिच्याकडून उचललेली. ती म्हातारी दिवसभर खिडकीचे गज धरून जिन्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायची. सोसायटीला फुकटचा वॉचमन. एक्याण्णव साली गेली.

हे म्हणाले, "स्वतःच्या पणजोबांचं नाव तरी माहीत आहे का तुला?" आहे. ह्यांच्याही पणजोबांचं माहीत आहे. ह्यांना नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिला फोटो — दाढी. दुसरा — दाढी आणि टोपी. तिसऱ्यात दाढीशेजारी एक बाई, चेहरा असा की नुकतंच कुणी दूध उतू घालवलंय.

मूळ पुरुष मायकल. आयर्लंडात बटाटे कुजले, माणसं उपाशी मेली. वाचलेल्यांनी पोरांना जहाजात बसवलं. त्यातलाच हा एक, इकडे येऊन रेल्वेत लागला. बटाटे कुजले तर आम्ही भाजीवाला बदलतो, ह्यांनी देश बदलला! असं म्हणत मी हसले. मग आठवलं — भात पिकेना म्हणून आमच्या अण्णांचे — माझ्या सासऱ्यांचे — वडील, तात्या, कुडाळ सोडून इगतपुरीलाच रेल्वेत खलाशी लागले होते. हसू आवरतं घेतलं.

मिस म्हणतात पेनाने लिही. मी पेन्सिलीनेच लिहिते. परक्यांचे पितर, चुकले तर खोडता यायला हवेत.

१० सप्टेंबर, बुधवार

आज अकरा माणसं. त्यांत चार पॅट्रिक. नावांची एवढी काटकसर मलाही जमली नसती.

११ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारी अविधवा नवमी. अण्णांच्या आईचं पान. ती भागीरथी. अण्णा चार वर्षांचे असताना इगतपुरीला वारली, चव्वेचाळीस साली, तापाने. फोटो एकही नाही. सवाष्ण जेवायला बसते तिच्यासमोर लोक फोटो ठेवतात, आम्ही नारळ ठेवतो. दरवर्षी अण्णा नारळाला नमस्कार करून तेच म्हणतात, "चेहराच आठवत नाही गं. हातावर तुळस गोंदलेली होती, तेवढी आठवते." पंच्याऐंशी वय झालं. जायच्या आधी एकदा आईचं तोंड दिसावं एवढंच मागतात देवाजवळ. देवाकडे कॅमेरा नव्हता, काय करणार!

आणि कावळ्याच्या पानाचा तो दरवर्षीचा तमाशा. सगळी बिल्डिंग गच्चीवर ठेवते. तिथे कावळे येतात म्हणून. आमचं पान मात्र तळमजल्याच्या कठड्यावर, मिसच्या खिडकीला लागून. वर झाकण! कावळ्याला झाकण! मी लग्न होऊन आले त्याच वर्षी विचारलं होतं, "अण्णा, कावळा काय झाकण उघडून जेवणार आहे?" तर म्हणाले, "धूळ बसते." गुडघे गेले तोवर स्वतः घेऊन जायचे. हल्ली मी नेते. झाकणासकट. खातं मांजर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

देवा, तुझ्याकडे कॅमेरा होता!

नीट लिहिते. आज एक फोटो आला — बंगल्याच्या पायऱ्या, एक कुत्रा, आणि कडेला नऊवारीतली बाई, कडेवर गोरं तान्हं. फक्त ह्याच फोटोखाली आधीपासून लिहिलेलं होतं. इंग्रजीत, पांढऱ्या शाईने. 'आयलीन आणि ब्रूनो, १९४४.' आयलीन म्हणजे तान्हं, ब्रूनो म्हणजे कुत्रा. बाईला नाव नाही! कुत्र्याचं नाव लिहायला शाई पुरली, बाईपाशी येऊन संपली.

मी मिसना म्हटलं, "आणि ही नऊवारीतली?"

"ती माजी आया. माजी आई आठ दिवसांत गेली. आयाचा तान्हा चेडू त्याच महिन्यात गेला होता. तिच्या दुधावर जगलंय मी."

"नाव काय तिचं?"

"भागी."

मी फोटो दारातल्या उजेडात नेला. हातावर तुळस. वृंदावनासकट.

इगतपुरी, चव्वेचाळीस, भागी, तुळस! म्हटलं, "मिस, ही आमच्या अण्णांची आई! म्हणजे ही तुमची पहिली आया. ताप येऊन गेली ती. मग ती खिडकीतली म्हातारी मागाहून आली असणार."

मिसनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या ये. बिस्किटाच्या डब्यात अजून फोटो आसत."

अण्णांना काही बोलले नाही. नवमीला नारळाच्या जागी फोटो ठेवीन, तेव्हाच बघू देत. फोटोमागे नाव मात्र लिहिलं — भागीरथी. पेनाने.

१३ सप्टेंबर, शनिवार

डब्यात सात फोटो. सातांतही तीच.

गोऱ्या मुलीला शाळेत सोडताना. चष्मा लावलेली. केस पिकलेली. शेवटचा एकोणनव्वदचा — आमचीच बिल्डिंग, हीच तळमजल्याची खिडकी, गजांवर हात. हातावर तुळस.

ती म्हातारी! माझा फुकटचा वॉचमन!

मग मिसनी सगळं सांगितलं. ताप वगैरे काही आला नव्हता. गोऱ्याचं पोर छातीला लावलं, त्यांच्या घरी जेवली, म्हणून तात्यांनी जिवंतपणीच तिचे पिंड पाडले. चार वर्षांच्या अण्णांना सांगितलं, आई वारली. त्यांना कुडाळला आत्याकडे धाडलं आणि दुसरं लग्न केलं. सगळं शास्त्राप्रमाणे. आमच्याकडे शास्त्राबाहेर काही होतच नाही.

चाळीस वर्षांनी तिला गावच्या कुणाकडून कळलं की मुलाने मुलुंडला घर घेतलंय. मिस तेव्हा शाळेत शिकवायच्या. भागीने हट्ट धरला — त्याच बिल्डिंगीत, तळमजला, जिना दिसायला हवा. मिसनी घेतला.

मी विचारलं, "मग हाक का नाही मारली? सात वर्षं हातभर अंतरावर!"

"म्हणायची, तो माका मेलेली समजान सुखात असा. जिती झालंय तर त्येच्या पोरांची लग्ना अडतीत."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सांगणार नाय असा वचन घेतलेला माज्याकडसून." मग हसल्या. "दाखवणार नाय असा खंय घेतलेला?"

एवढे पॅट्रिक माझ्याकडून का लिहवून घेतले ते आत्ता कळलं! पेन्सिल झिजली माझी.

शेवटी पानाचं विचारलं. मिसना हसू आवरेना. "नवमीक गजांतसून हात घालून ती पान आत घेई. म्हणे, आयलीन, बघ गो, माजा जेवाण इला!"

स्वतःच्या श्राद्धाची खीर ती स्वतः जेवत होती. आणि रिकामं पान-वाटी उचलून आणताना मी वर येऊन सांगायचे, कावळा लगेच शिवला हो!

अजून एक लिहायचंय. नव्वद साली तान्ह्या सिद्धेशला घेऊन माहेरून आले. तिने गजांतून हात काढला, "बघूया गो झील तुजो." मी पदराने झाकलं. म्हातारीची दृष्ट नको म्हणून. पणजीची दृष्ट!

१४ सप्टेंबर, रविवार

पूजेत तीनदा चुकले.

अण्णांना सांगावं तर पंच्याऐंशीचं काळीज. न सांगावं तर उद्या पुन्हा नारळ. शिवाय तिथीही चुकलेलीच! तात्या बासष्टला गेले, ती एक्याण्णवला. म्हणजे अविधवा नवमी तिची नव्हेच. भटजींना विचारलं तर प्रायश्चित्त सांगतील. कुणाच्या पापाचं, ते विचारणार नाहीत.

ठरलं. तरुणपणचा फोटो ठेवायचा. चेहरा तेवढा द्यायचा. खिडकी नाही, सात वर्षं नाहीत. म्हाताऱ्या माणसाला झेपेल एवढंच वाढावं. डबा खालीच राहील.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

पाटावर फोटो ठेवला. अण्णांनी चष्मा पुसून पाहिला. खूप वेळ. कुठून आणला, विचारलं नाही. कोण ही, तेही नाही. फक्त तुळशीवरून एकदा बोट फिरवलं.

मी कावळ्याचं पान घेतलं, झाकण ठेवलं आणि निघाले. दारात होते तेवढ्यात मागून म्हणाले, "लवकर ने. खीर गार झाली की वाटी तशीच कठड्यावर परत ठेवायची ती."